राजगृहातील ऑर्गन आणि धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा

महोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्या, अशी मंडळींनी आम्हांस गळ घातली, तेव्हा आमच्या दृष्टीसमोर प्रथम आली ती देवळातील जुनी पेटी. नांदेड व लातूर या भागांत उपासनेच्या गायनास साथ असते ती पेटीची व तबल्याची. थोर थोर देवळांतून भिंत व्यापून उभा राहणारा नळ्यांचा ऑर्गन आमच्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिला असेल. तथापि पेटी ही नात्याने त्याच ऑर्गनची धाकटी बहीण होय. ऑर्गनात भात्याचा वारा नळ्यांतून खेळतो, पेटीत तोच वारा पितळी पट्ट्यांना कंप देतो. वारा थांबला की दोन्ही मुकी.

असा एक ऑर्गन चारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्याहून निघून एका बादशहाच्या घरी जाऊन राहिला. त्याच सुमारास त्याच घरी गोव्याहूनच एक तरुण धर्मगुरूही गेले. त्या धर्मगुरूंचे, म्हणजे धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा यांचे, चरित्र या शुभप्रसंगी वाचकांस सादर करावे असा आमचा हेतू आहे.

रुडॉल्फ यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1550 रोजी इटलीतील आत्री येथे तेथील ड्यूकच्या घराण्यात झाला. वैभव, मान व अधिकार ही त्यांस जन्मतःच लाभलेली होती. ती सर्व टाकून 1568 मध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. पुढे संघाचे सर्वाधिकारी झालेले क्लॉडियो आक्वाविवा हे त्यांचे चुलते. 1578 मध्ये लिस्बन येथे गुरुदीक्षा घेऊन ते हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. चीनमध्ये कीर्ती पावलेले मातेओ रिच्ची हेही त्याच वर्षीच्या ताफ्यातून आले. सप्टेंबरात रुडॉल्फ गोव्यास उतरले.

इकडे उत्तरेत अकबर बादशहाच्या जिज्ञासेस सीमा नव्हती. 1575 मध्ये त्याने हाजी हबीबुल्ला नामक सरदारास द्रव्य व कारागीर बरोबर देऊन गोव्यास धाडले. तेथील अपूर्व वस्तू आणाव्या व फिरंग्यांच्या कला शिकून याव्या, अशी आज्ञा होती. 1577 मध्ये हाजी परतला, आणि त्याने आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत ऑर्गन होता. गोव्यात हे वाद्य देवळातील स्तोत्रांस साथ करी. आता ते फत्तेपूर सिक्रीच्या राजगृहात आले. इतिहासकार बदायुनी याने 1580-81 च्या सुमाराच्या वृत्तांतात त्याचे वर्णन नोंदविले आहे. पुरुषभर उंचीची ती पेटी होती. एक फिरंगी आत बसून वाजवी, तर बाहेर दोघे मोरपंखांसारख्या दिसणाऱ्या भागांवर हात चालवीत. ते बहुधा भाते असावेत. बादशहाच्या धर्मविषयक धोरणावर नाराज असलेला हा मौलवीही त्या नादाने विस्मित झाला होता.

बादशहाची जिज्ञासा वस्तूंवर भागली नाही. ख्रिस्ती धर्माचे जाणते पुरुष पाठवावे, अशी विनंती त्याने गोव्यास केली. त्यानुसार नोव्हेंबर 1579 मध्ये रुडॉल्फ, मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस असे तिघे धर्मबंधू निघाले. रुडॉल्फ त्यांचे प्रमुख. वय अवघे एकोणतीस. दमण व सुरतेवरून खडतर वाट चालून फेब्रुवारी 1580 च्या अखेरीस ते सिक्रीस पोचले. त्यांनी बहुभाषी बायबलाचे भव्य ग्रंथ नजर केले, तेव्हा बादशहाने पागोटे उतरून ते मस्तकी लावले व त्यांचे चुंबन घेतले. राजवाड्यातच त्यांस प्रार्थनामंदिरासाठी जागा मिळाली. तेथे येऊन बादशहाने मुसलमानी, ख्रिस्ती व हिंदू अशा तिन्ही रीतींनी वंदन केल्याचे सांगतात.

येवढा सन्मान पाहून कोणासही वाटावे की, पीक हाताशी आले. रुडॉल्फ यांनी फारसी भाषा शिकून घेतली. इबादतखान्यातील वादविवादांत ते धैर्याने बोलत. धर्मग्रंथ हाती घेऊन दोन्ही पक्षांनी अग्नीत प्रवेश करावा, म्हणजे सत्य ठरेल, अशी सूचना पुढे आली असता त्यांनी ती नाकारली. देवाची परीक्षा पाहणे हे पाप होय, हे ते जाणत होते. मेजवान्यांच्या त्या नगरीत त्यांचे दिवस उपवासात व रात्री प्रार्थनेत जात. परंतु बादशहा ऐके, वाखाणी आणि पुढील विषयाकडे वळे. हळूहळू रुडॉल्फ यांस उमगले की, या घरी आपले स्थान त्या ऑर्गनाहून फारसे वेगळे नाही. दोघांचेही कौतुक होई. परंतु ऑर्गनामागे गाणारा समुदाय नव्हता, आणि धर्मगुरूपुढे पश्चात्तापाने गुडघे टेकणारे हृदय नव्हते. दोघे सोबती एकामागून एक निघून गेल्यावरही ते 1583 च्या आरंभापर्यंत एकटे राहिले. निरोपाच्या वेळी बादशहाने देऊ केलेले द्रव्य त्यांनी घेतले नाही. राजमातेच्या सेवेतील एका रशियन गुलाम कुटुंबाची मुक्तता तेवढी त्यांनी मागितली, व ती मिळविली. तीन वर्षांच्या कष्टांचे डोळ्यांस दिसणारे फळ ते येवढेच.

गोव्यास परतताच त्यांजकडे साष्टी प्रांताच्या धर्मकार्याची धुरा आली. 25 जुलै 1583 रोजी देवळासाठी जागा पाहण्यास ते सोबत्यांसह कुंकळ्ळी गावी गेले असता जमावाने त्यांजवर हल्ला केला. रुडॉल्फ यांनी प्रतिकार न करता मान पुढे केली. त्यांच्यासह येशूसंघाच्या पाच जणांनी प्राण अर्पिले. रुडॉल्फ यांस अद्याप तेहतिसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. 1893 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी या पाचही जणांस धन्यवादित म्हणून घोषित केले.

येथे सत्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. पोर्तुगीज सत्तेने त्या भागातील मंदिरे पाडली होती व गावांवर शस्त्र धरले होते. ग्रामस्थांचा रोष त्या जखमांतून उसळला होता. पुढे बोलणीच्या मिषाने गावच्या सोळा पुढाऱ्यांस असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांतील पंधरा जणांस ठार करण्यात आले. एक मात्र निसटला. त्यांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. तलवारीच्या सावलीत सुवार्ता नेली म्हणजे निरपराध सेवकासही त्या तलवारीचे मोल भरावे लागते, हा धडा ख्रिस्तसभेने विसरू नये.

1585 मध्ये दरबार लाहोरास गेला आणि सिक्रीचे महाल ओस पडू लागले. ज्या राजगृहाने ऑर्गन व धर्मगुरू दोघांसही आश्चर्य म्हणून ठेविले, त्याचे वैभव असे थोडक्या दिवसांचे ठरले. रुडॉल्फ यांचे नाव मात्र आज वेदीपाशी आदराने घेतले जाते.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आमचा समुदाय लहान, आमचे देऊळ साधे. येवढ्या वर्षांच्या कष्टांत मिळविले काय, असा प्रश्न आमच्याही मनास कधी कधी शिवतो. अशा वेळी सिक्रीच्या एकांत प्रार्थनामंदिरातील तो तरुण धर्मगुरू आम्हांस धीर देतो. फळ मोजणे त्याच्याकडे नव्हते. निष्ठेने उभे राहणे तेवढे होते. बादशहाच्या ऑर्गनास कौतुक लाभले, परंतु सोबत गाणारी लेकरे लाभली नाहीत. आमच्या पेटीचा एखादा सूर बसका निघतो खरा. पण रविवारी तिच्यासवे म्हातारे-कोतारे व पोरे-बाळे एकमुखाने गातात. हा महोत्सव त्या एकमुखी गायनाचाच होय. तो स्वर आमच्यामागेही थांबू नये, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.