संख्यांत रमलेले शिक्षक : द. रा. कापरेकर

गणित हे मोजक्या बुद्धिवंतांचे काम, अशी भीती आपल्या समाजातील कित्येक मुलांच्या मनात लहानपणीच घर करते. घरातील पहिल्याच पिढीने पाटी हाती घेतलेली असेल, तर ती अधिकच खोल रुजते आणि पुढे विज्ञानाची वाट आपोआप बंद होते. म्हणूनच दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र या स्मरणिकेत मांडावे, असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते.

शाळेचे काम सांभाळून ते संख्यांशी खेळत राहिले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७ उरतात. हीच कृती पुन्हा केली की ८३५२ आणि त्यापुढे ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा. पुन्हा ६१७४ च! कोठूनही आरंभ केला तरी फार तर सात पायऱ्यांत आपण येथेच पोहोचतो. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. बाराच्या अंकांची बेरीज तीन, आणि तिनाने बारास भाग जातो.

काही विद्वानांनी हे संशोधन क्षुल्लक ठरवले. कापरेकर खचले नाहीत. पदरचे पैसे खर्चून त्यांनी पुस्तिका छापल्या आणि ठिकठिकाणच्या शाळांत जाऊन मुलांना संख्यांची गंमत दाखवली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर आम्ही ६१७४ चे कोडे अनेकदा फळ्यावर मांडले आहे. मास्तरांवर विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा, एवढेच आम्ही सांगतो. ऐकीव गोष्ट पारखूनच स्वीकारावी, ही तथागतांचीही शिकवण. गणितात नापास होणारी मुलेदेखील मग पाटीवरून मान वर काढत नाहीत, आणि उत्तर जुळताच त्यांच्या चेहऱ्यावर जो विश्वास उमटतो, तो गुणपत्रिकेत कधी दिसलेला नसतो.

माजी विद्यार्थी व पालक यांनी आज रात्री घरच्या मुलांसोबत हे कोडे अवश्य सोडवावे. कापरेकर गुरुजींना तेच आमचे अभिवादन.