हुंका मुंकाची बाहुली

घरातलं माणूस गेलं की शेजारपाजारचे भेटायला येतात, कुणी पिठलं-भात आणून देतं, चार दिवस आपल्याकडून कुणी कसली अपेक्षा करत नाही. घरातलं मांजर किंवा कुत्रा गेला तर मात्र कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी डबे भरायचे असतात, बस गाठायची असते. डोळे सुजलेले दिसलेच तर मांजरच तर होतं गं, दुसरं आण, असा प्रेमळ सल्ला मिळतो. आपण मान डोलावतो. दूध तापवताना पायांत घुटमळणारं कुणी नाही, हे काय सांगायचं आणि कुणाला?

म्हणून मला बिअ‍ॅट्रिक्स पॉटर फार जवळची वाटते. निळा कोट घातलेला पीटर रॅबिट हा ससा तुम्ही मुलांच्या पुस्तकांत पाहिला असेल. ती त्याची जन्मदात्री. तिची पुस्तकं गोड आहेत, चित्रं नाजूक आहेत, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्या चित्रांमागे किती छोटी छोटी मरणं आहेत, हे मला तिचं चरित्र वाचताना कळलं.

बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनचा. घर श्रीमंत. आजोबांचा सुती कापडाच्या छपाईचा मोठा कारखाना होता. वडील वकील, पण कोर्टापेक्षा फोटोग्राफीत रमणारे. मुलीला शाळेत घातलं नाही. घरच्या वरच्या मजल्यावर गव्हर्नेस शिकवायला येई, तेवढंच तिचं जग. धाकटा भाऊ बर्ट्रम सहा वर्षांनी लहान. तो बोर्डिंगच्या शाळेत गेला आणि तीही सोबत गेली. उरले ते प्राणी. ससे, उंदीर, सरडे, बेडूक, वटवाघळं, गोगलगायी, अगदी अंगभर काटे असलेला हेजहॉगसुद्धा त्या खोलीत राहून गेला.

एवढे चिमुकले जीव घरात म्हटल्यावर त्यांचं मरणही आलंच. बिअ‍ॅट्रिक्स आणि बर्ट्रम काय करत माहीत आहे? मेलेला प्राणी उकळून त्याची हाडं वेगळी करत, सांगाडा जुळवत आणि त्याची चित्रं काढत. वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण मला त्यात निष्ठुरपणा दिसत नाही. ज्याच्यावर जीव लावला तो आतून कसा होता, कसा उडी मारायचा, हे समजून घ्यायची ती धडपड होती. तिच्या चित्रांतला ससा कोट घालूनही ससाच वाटतो, तो यामुळेच.

पंधरा वर्षांची होता होता ती रोजनिशी लिहायला लागली, तीही स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत, म्हणजे आईच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये! लेस्ली लिंडर या अभ्यासकाला ती लिपी उलगडली १९५८ साली, तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. तिच्यात चित्रप्रदर्शनं आहेत, राजकारण आहे आणि तिच्या प्राण्यांची आजारपणं आणि मरणंही आहेत. १८८६ साली झरीफा नावाची तिची डॉरमाउस जातीची उंदरी गेली, त्याची नोंद आहे. विशेष म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी, १९२९ मध्ये आलेल्या ‘द फेअरी कॅरव्हॅन’ या पुस्तकात तिनं एका डॉरमाउसला झरीफा हेच नाव दिलं. तेव्हा ती साठी ओलांडलेली बाई होती. मांजरच तर होतं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगावीशी वाटते.

तिच्या सशांची गोष्ट जरा आनंदाची आहे. पहिला बेंजामिन बाउन्सर. त्याला लोणी लावलेला गरम टोस्ट फार आवडायचा. त्याचीच चित्रं काढून १८९० मध्ये तिनं शुभेच्छापत्रांसाठी विकली आणि आयुष्यातली पहिली कमाई केली, सहा पौंड. दुसरा पीटर पायपर. हा भलताच गुणी. रिंगणातून उडी मारायचा, घंटी वाजवायचा, दमला की शेकोटीपुढे पसरायचा. १८९३ च्या सप्टेंबरात तिच्या जुन्या गव्हर्नेसचा मुलगा नोएल आजारी होता. त्याला पत्रात काय लिहावं सुचेना, म्हणून तिनं पीटर नावाच्या सशाची चित्रमय गोष्ट लिहून पाठवली. पुढे त्याच पत्रावरून पुस्तक करायचं ठरवलं. प्रकाशकांनी एकामागून एक नकार दिले.

आणि २६ जानेवारी १९०१ रोजी पीटर गेला. नऊ वर्षं तिच्यासोबत राहिलेला ससा! त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिनं स्वतःच्या खर्चानं पुस्तकाच्या २५० प्रती छापून घेतल्या. त्यातल्या आपल्या प्रतीत तिनं पीटरसाठी चार ओळी लिहून ठेवल्या. त्यात त्याची मृत्यूची तारीख आहे, वय आहे. तो फार हुशार नव्हता, कान आणि केसही काही खास नव्हते, पण स्वभाव मात्र शेवटपर्यंत गोड आणि शांत, असं तिनं मोकळेपणानं लिहिलं. मला हे फार आवडलं. गेलेल्याचं देवपण न वाढवता, तो जसा होता तसाच तिनं जपला. फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं १९०२ मध्ये रंगीत आवृत्ती काढली. त्यासाठी तिनं चित्रं रंगवली तेव्हा पीटर घरात नव्हता. हाताशी होती ती वर्षानुवर्षं केलेली रेखाटनं.

आता हुंका मुंकाकडे येते. १९०३ मध्ये ग्लॉस्टरशायरला नात्यातल्या बहिणीकडे असताना स्वयंपाकघरातल्या सापळ्यात दोन उंदीर सापडले. तिनं ते वाचवले, नावं ठेवली टॉम थम्ब आणि हुंका मुंका. त्यांच्यावर ‘द टेल ऑफ टू बॅड माइस’ हे पुस्तक करायचं होतं. वॉर्न कंपनीतला धाकटा भाऊ नॉर्मन हा तिचा संपादक. त्याला सुतारकामाची आवड. उंदरांची हालचाल बघून चित्रं काढता यावीत म्हणून त्यानं तिला एका बाजूला काच असलेलं उंदरांचं घर करून दिलं. आत छोटासा जिनासुद्धा! पुस्तक १९०४ मध्ये आलं आणि या कामाच्या पत्रापत्रीतून दोघांचं छान जुळत गेलं.

१९०५ च्या जुलैमध्ये हुंका मुंका झुंबरावरून खाली पडली. कशीबशी धडपडत नॉर्मननं केलेल्या घराचा जिना चढली आणि दहा मिनिटांत बिअ‍ॅट्रिक्सच्या हातात तिनं प्राण सोडला. बिअ‍ॅट्रिक्सनं हे नॉर्मनला पत्रानं कळवलं. आपलं लक्ष नव्हतं म्हणून ती पडली, हा दोष ती स्वतःला देत होती. आणि त्याच पत्रात तिनं सांगितलं, की तिनं हुंका मुंकाची एक छोटी बाहुली केली आहे.

मी इथे वाचता वाचता थांबले. चाळिशीला टेकलेली, नाव कमावलेली लेखिका, आणि गेलेल्या उंदरीची बाहुली करत बसते! ती बाहुली विकायची नव्हती, छापायची नव्हती. तिनं दुःख संपलं असंही नाही, ते तिच्या पत्रावरून दिसतंच. पण बाहुली करायची म्हणजे शेपूट किती लांब, कान कुठे बसतात, पोट कसं गोल, हे सगळं आठवावं लागतं. आमची मनी गेली त्या वर्षी मी तिचं चित्र काढायला बसले, तेव्हा मलाही हेच जाणवलं. मला चित्रकला येत नाही. पण तिच्या नाकावरचा काळा ठिपका डावीकडे की उजवीकडे हे आठवता आठवता अर्धा तास गेला. आठवडाभरात पहिल्यांदाच मी तिच्या शेवटच्या दिवसाचा विचार करत नव्हते. मी तिचा विचार करत होते.

त्यानंतर काही दिवसांतच, २५ जुलैला, नॉर्मननं बिअ‍ॅट्रिक्सला मागणी घातली. तो धंदेवाल्या घरातला म्हणून तिच्या आईवडिलांना पसंत नव्हता. वय ३९, तरी विरोध! तिनं अंगठी बोटात घातली. आणि बरोबर एका महिन्यानं, २५ ऑगस्टला, रक्ताच्या कर्करोगानं नॉर्मन गेला. तेव्हा ती घरच्यांबरोबर वेल्समध्ये होती. साखरपुडा गुप्त ठेवलेला, त्यामुळे चारचौघांत रडायचीही सोय नाही. उंदरीसाठी रडली असती तर लोक हसले असते आणि नॉर्मनसाठी रडायचा तिला हक्कच नव्हता.

तिनं काय केलं? जे लहानपणापासून करत आली तेच. वॉर्न कुटुंबाला तिनं कळवलं, की आता आपल्याला कामाचाच मोठा आधार आहे. नॉर्मनशी बोलून ठरवलेलं बेडकाचं पुस्तक, ‘जेरेमी फिशर’, तिनं पूर्ण केलं. ते १९०६ मध्ये आलं. लेक डिस्ट्रिक्टमधलं हिल टॉप हे शेत घेतलं. त्याच वर्षी तिची हेजहॉग मिसेस टिगीही आजारी पडली. चित्रासाठी बसवलं की थोड्या वेळात जांभया देणारी आणि जास्त वेळ धरलं तर चावणारी अशी ही मॉडेल. तिचे हाल पाहवेनात, तेव्हा बिअ‍ॅट्रिक्सनं तिला क्लोरोफॉर्म देऊन सोडवायचं ठरवलं. पुस्तकातली मिसेस टिगी-विंकल मात्र अजून इस्त्री करते आहे.

१९१३ मध्ये, ४७ व्या वर्षी, तिनं विल्यम हीलिस या वकिलाशी लग्न केलं. पुढे शेती केली, मेंढ्या पाळल्या आणि २२ डिसेंबर १९४३ ला गेली तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला ठेवून गेली. तिची शेकडो चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. त्यांत सशाच्या नुसत्या डोक्याचीच, निरनिराळ्या बाजूंनी काढलेली, किती तरी रेखाटनं आहेत.

मैत्रिणींनो, घरातला मुका जीव गेला असेल तर कुणाला समजावत बसू नका. मुलांच्या दप्तरातली पेन्सिल घ्या, नाही तर चिंध्यांच्या गाठोड्यातला त्याच्या रंगाचा एक तुकडा शोधा. चित्र त्याच्यासारखं आलं नाही तरी चालेल, कुणाला दाखवायचं थोडंच आहे? आणि तुमच्या घरातला बोका आत्ता खिडकीत झोपला असेल तर तेही बरंच आहे. झोपलाय तोवर हालणार नाही, आजच काढून घ्या.