लॉर्ड लिअरी कॉन्स्टंटाइन : मैदान आणि मानवता

क्रीडांगणावर कीर्ती संपादन करणारे पुष्कळ असतात. परंतु ती कीर्ती आपल्या बांधवांच्या कामी लावणारे पुरुष विरळा. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांची गणना अशा विरळा पुरुषांत करावी लागेल.

त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०१ रोजी त्रिनिदाद बेटावर झाला. घराण्याने गुलामगिरीचे दिवस पाहिले होते. वडील लेब्रन हे कोकोच्या मळ्यावर मुकादम होते व स्वतः नामांकित क्रिकेटपटूही होते. लिअरी प्रथम एका वकिलाच्या कचेरीत कारकून झाले. परंतु कृष्णवर्णीय तरुणाला त्या व्यवसायात वर चढण्यास वाव नाही, हे त्यांना लवकरच कळून चुकले. वकील होण्याची इच्छा मात्र त्यांनी मनातून जाऊ दिली नाही.

१९२८ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी १३८१ धावा काढल्या व १०७ गडी बाद केले. लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध ८६ आणि १०३ धावा व एका डावात ५७ धावांत ७ बळी हा त्यांचा पराक्रम विशेष गाजला. त्यांचे क्षेत्ररक्षण पाहण्यासाठीच लोक गर्दी करीत.

१९२९ मध्ये लँकेशायरमधील नेल्सन या गिरणगावाच्या क्लबने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून नेमले. अशा खेळाडूने स्वतः खेळावे आणि क्लबच्या तरुणांनाही शिकवावे, अशी तेथील रीत होती. आरंभी त्या गावाला काळा माणूस हे एक नवलच होते. अपमानकारक पत्रेही आली. परंतु नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा विजेतेपद मिळविले आणि कॉन्स्टंटाइन कुटुंब गावाचेच होऊन गेले. याच काळात, १९३४-३५ च्या हंगामात, मोइनुद्दौला सुवर्णचषकाच्या निमित्ताने ते हैदराबादेसही खेळून गेले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने वेस्ट इंडियन कामगारांच्या कल्याणाचे काम त्यांच्याकडे सोपविले. बी.बी.सी.वरील भाषणांमुळे त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला होता. अशा या लोकप्रिय पुरुषाला १९४३ मध्ये लंडनच्या इंपीरियल हॉटेलात आगाऊ जागा राखून ठेवलेली असतानाही, पत्नी व कन्या यांच्यासह, एका रात्रीपेक्षा अधिक राहता येणार नाही असे सांगण्यात आले. कारण एकच, वर्ण! दुसरीकडे उतरण्याची सोय झाली, तेव्हा प्रकरण तेथेच मिटविता आले असते. परंतु आपल्यासारख्याची ही गत, तर ज्याला नाव नाही, ओळख नाही, त्याने कोठे जावे? कॉन्स्टंटाइन न्यायालयात गेले. वर्णभेदाला बंदी करणारा कायदा त्या काळी नव्हता. म्हणून, पांथस्थाला जागा देणे हे खानावळवाल्याचे कर्तव्य आहे, या जुन्या तत्त्वाचा आधार घेण्यात आला. १९४४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली अवघी पाच गिनी. परंतु या खटल्याने इंग्लंडचे डोळे उघडले.

पुढच्याच वर्षी लॉर्ड्सवर बहुतांश गोऱ्या खेळाडूंच्या डोमिनियन संघाने त्यांना आपला कर्णधार निवडले व इंग्लंडवर ४५ धावांनी विजय मिळविला. क्रिकेटच्या समालोचनाचे व लेखनाचे काम करीत असतानाच त्यांनी कायद्याचा अभ्यास चालू ठेवला आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९५४ मध्ये, ते बॅरिस्टर झाले. कारकुनाच्या खुर्चीवर पाहिलेले स्वप्न असे पुरे झाले.

त्यानंतर त्रिनिदादमध्ये ते मंत्री झाले व १९६१ मध्ये लंडनला हायकमिशनर म्हणून गेले. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीने कृष्णवर्णीयांना नोकरी नाकारली, तेव्हा अधिकारपदाचा संकोच न बाळगता त्यांनी उघड निषेध केला. ही स्पष्टोक्ती मायदेशाच्या सरकारला रुचली नाही आणि १९६४ मध्ये त्यांनी ते पद सोडले. परंतु १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये वर्णभेदविरोधी कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी स्थापन झालेल्या मंडळावर त्यांची नियुक्ती झाली. १९६९ मध्ये ते लॉर्ड झाले. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. किताबात त्यांनी त्रिनिदादच्या मराव्हलबरोबर नेल्सनचेही नाव जोडून घेतले. १ जुलै १९७१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या मुलामुलींनी खेळात जरूर नाव काढावे. परंतु खेळाचे दिवस थोडे असतात. विद्या व स्वाभिमान जन्मभर पुरतात, आणि त्यांचा उपयोग इतरांसाठी झाला तरच ते सार्थकी लागतात. कॉन्स्टंटाइन यांचे चरित्र याचीच साक्ष देते.