टस्कीगीचे मुख्याध्यापक

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, एका मळ्यावर, १८५६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जन्म झाला. आई मळ्यावरची स्वयंपाकीण आणि गुलाम. म्हणून मुलगाही गुलाम. यादवी युद्धाने मुक्ती दिली, पण तिच्यापाठोपाठ मिठाच्या भट्टीवरचे आणि कोळशाच्या खाणीतले कष्ट आले. १८७२ मध्ये हा मुलगा सुमारे पाचशे मैलांवरील हॅम्प्टनच्या विद्यालयाकडे निघाला. वाट बरीचशी पायीच तुडवली. तेथे त्याच्या हाती झाडू देण्यात आला. त्याने ती वर्गखोली तीनदा झाडली, चारदा पुसली. हीच त्याची प्रवेशपरीक्षा.

१८८१ च्या ४ जुलैला अलाबामातील टस्कीगी गावी त्यांनी शाळा उघडली, तेव्हा विद्यार्थी होते तीस. सरकारी अनुदान वर्षाला दोन हजार डॉलर, तेही केवळ वेतनापुरते. पावसात छप्पर असे गळे, की पाठ घेणाऱ्या गुरुजींच्या डोक्यावर एखादा विद्यार्थी छत्री धरून उभा राही.

त्याआधी ते खेडोपाडी हिंडले होते. कापसाची लागवड थेट घराच्या दारापर्यंत आलेली. भाजीचा एक वाफा कुठे नाही, आणि खाण्याचे जिन्नस मात्र उधारीवर विकत आणलेले. एका झोपडीत त्यांना शाळेत शिकलेला एक तरुण भेटला. अंगावर मळके कपडे, अंगणात रान माजलेले, आणि तो फ्रेंच व्याकरण पाठ करीत बसलेला. हे दृश्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. टस्कीगीचा अभ्यासक्रम तेथेच ठरला, असे मला वाटते.

पाचशे डॉलरला शंभर एकरांचा एक पडीक मळा घेतला. विद्यार्थी नाराज झाले. मास्तर व्हायला आलेल्यांच्या हाती कुऱ्हाड कशासाठी? वॉशिंग्टन स्वतःच कुऱ्हाड घेऊन रानात शिरले, तेव्हा मुले मागोमाग गेली. पालकांच्या तक्रारीही आल्या. ज्यांनी जन्मभर सक्तीने कुदळ चालवली, त्यांना शाळा म्हणजे कुदळीतून सुटका वाटत होती. कार्यानुभवाच्या तासाबद्दल पालकांशी अनेकदा बोलावे लागलेल्या मला त्या तक्रारी परक्या वाटत नाहीत.

विटांच्या तीन भट्ट्या वाया गेल्या. चौथीसाठी त्यांनी आपले घड्याळ गहाण टाकले. ती साधली, आणि गावातील गोरे लोकही विटा घ्यायला येऊ लागले. शेतीचे तसेच. जेथे एकरी सरासरी ४९ बुशेल रताळी निघत, तेथे एका माजी विद्यार्थ्याने २६६ काढली. शेजारचे गोरे शेतकरी त्याला रीत विचारायला आले. १८९६ मध्ये आपल्या वाचकांना सुपरिचित असलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शेतीविभाग सांभाळायला आले, आणि १९०६ मध्ये अवजारे, बियाणे घेऊन एक फिरती गाडी शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली.

टीकाही झाली, आणि ती हलकी नव्हती. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी दाखवून दिले, की टस्कीगीचे स्वतःचे शिक्षकही उच्च शिक्षणाच्या महाविद्यालयांतूनच येतात. मग ती वाट इतरांसाठी अरुंद का करायची? मताधिकाराविषयीचे वॉशिंग्टन यांचे मौनही त्यांना खुपले. शिवाय जमीन ज्याची नाही, त्या वाटेकऱ्याने पीक वाढवले तर त्यातला मोठा हिस्सा मालकाच्याच कोठारात जाई. आणि गाड्यांची चाके करायला शिकलेल्या मुलांसमोर थोड्याच वर्षांत मोटारी आल्या. आजच्या मागणीनुसार शिकवलेले उद्या कितपत पुरेल, हा प्रश्न टस्कीगीलाही सुटला नाही. खुद्द वॉशिंग्टन यांची कन्या पोर्शिया संगीत शिकायला बर्लिनला गेली. मला यात दोष दिसत नाही. पित्याने मुलीपुढे वाट मोकळी ठेवली, एवढेच दिसते. तीच मोकळीक प्रत्येक विद्यार्थ्याला होती का, हे मात्र विचारावेसे वाटते.

१९१५ च्या नोव्हेंबरात ते न्यूयॉर्कमध्ये गंभीर आजारी पडले. प्रवास झेपणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी घरी नेण्याचा हट्ट धरला. गाडीने टस्कीगीला पोहोचल्यावर काही तासांतच, १४ नोव्हेंबरला, त्यांनी प्राण सोडला. तीस मुलांच्या त्या शाळेत तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थी शिकत होते.