आकड्यांचा मवाळ माणूस

नामदार गोखले म्हटलं की आठवतं ते शाळेतलं एका मार्काचं उत्तर : महात्मा गांधींचे राजकीय गुरू. मला मात्र जास्त जवळचे वाटतात ते गणिताचे मास्तर गोखले. मित्रांनो, हा माणूस आपल्यातलाच आहे!

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्याला शिकवलं. घरून येणाऱ्या पैशांवर महिना काढणं म्हणजे काय, हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं.

न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांना सरकारी अहवाल बारकाईने वाचायची सवय लागली. तीच १९०२ मध्ये कामी आली. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सरकार अंदाजपत्रकातली शिल्लक अभिमानाने दाखवत होतं. गोखल्यांनी तेच आकडे उलटे फिरवले. जनता इतकी गरीब असताना तिजोरीत पैसा उरतो, याचा अर्थ कर जास्त घेतला जातोय! त्यांची एक मागणी होती मिठावरचा कर कमी करण्याची. तेव्हा तो मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. श्रेय एकट्या गोखल्यांचं नसेल, पण त्यांचा तगादा चालूच होता.

मात्र हिशेब बरोबर असला की माणूस जिंकतोच असं नाही. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गोखले गेले. देशभरासाठी शिक्षण हक्क कायदा व्हायला २००९ साल उजाडलं.

लोक त्यांना मवाळ म्हणत. असतील. पण घोषणा द्यायला घसा पुरतो, अंदाजपत्रक वाचायला बैठक लागते. आपण इथे चार वर्षं आकडेमोड शिकतो. ती फक्त सबमिशनपुरतीच वापरायची का, एवढं प्रत्येकाने स्वतःला विचारावं असं मला वाटतं.