खिळ्यावरचा चिमणा

(तृतीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पाखरांवर लेख लिहावा, याचे काही जणांना नवल वाटेल. पाखरे म्हणजे विज्ञानवाल्यांचा प्रांत. आपण फार तर त्यांच्यावर कविता करावी, असा आपल्याकडे समज आहे. माझाही तोच होता. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात एक प्रसंग घडला आणि त्या प्रसंगाने मला डॉ. सालिम अलींच्या चरित्रापाशी नेऊन सोडले. त्या थोर माणसाची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. प्रसंगही सांगणार आहे, कारण तो सांगितल्याशिवाय मला हे चरित्र का भिडले ते कळणार नाही.

आमचे घर शेवगावात जुन्या वस्तीत आहे. पुढे लहानसे अंगण, मग पडवी. पूर्वी माळवदाच्या सांदीत चिमण्यांची घरटी असत. स्लॅब पडला आणि सांदी बुजल्या. म्हणून फेब्रुवारीत आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचे एक खोके केले, सुताराकडून गिरमिटाने सव्वा इंचाचे भोक पाडून घेतले आणि अंगणातल्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्याही वर टांगले. भोकाखाली बसायला म्हणून एक लांब खिळा ठोकला. मार्चमध्ये एक जोडपे आले. गवत, सुतळीचे धागे, कोंबडीची पिसे असा संसार त्यांनी जमवला. चार अंडी झाली. बाराव्या दिवशी त्यांतून तीन पिल्ले निघाली. चिमणा आणि चिमणी दोघेही आळ्या-किडे आणून भरवू लागली. दाणे खाणारी ही पाखरे पिल्लांना मात्र पहिल्या दिवसांत किडेच भरवतात, हे मी प्रथमच पाहिले. अभ्यासाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी नोंदी करू लागले. सकाळच्या एका तासात दोघांच्या मिळून बावीस खेपा मोजल्या होत्या.

सहाव्या दिवशी दुपारी उकाडा फार होता. मी पडवीत वाचत बसले होते. पंख्याचे बटण दाबले. दुसऱ्या एका नराला हुसकावत आमचा चिमणा पडवीत शिरला आणि पात्याला लागून खाली पडला. तो जागीच गेला होता. त्याच्या चोचीखालचा काळा डाग मी तेवढ्या जवळून तेव्हाच पाहिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन पक्ष्यांवर काही मिळते का ते पाहू लागले. एकटी चिमणी पिल्ले जगवू शकते का, एवढेच मला हवे होते. हाती आले ते सालिम अलींचे चरित्र. आणि पहिल्याच काही पानांत, आश्चर्य असे की, खिळ्यावर बसलेला एक चिमणा भेटला.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते घरातले सर्वांत धाकटे मूल. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या भावंडांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. लहानग्या सालिमला त्यांनी छऱ्यांची बंदूक दिली, आणि मुलगा चिमण्या टिपू लागला.

१९०६-०७ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास, त्याने एक नोंद करून ठेवली. तबेल्यातल्या भिंतीच्या भोकात चिमणी अंड्यांवर बसली होती आणि बाहेर खिळ्यावर चिमणा पहारा देत होता. सालिमने गाडीच्या आडून नेम धरून तो पाडला. थोड्याच वेळात चिमणीने दुसरा चिमणा मिळवला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. मुलाने तोही पाडला. सात दिवसांत असे आठ चिमणे त्याने मारले, आणि प्रत्येक वेळी नवा पहारेकरी हजर झाला.

हे वाचून मी पुस्तक मिटले. ज्याला सारा देश पक्ष्यांचा कैवारी म्हणतो, त्याच्या आयुष्याची सुरुवात ही अशी! माझ्या हातून चुकून एक गेला तर मी रडत होते. याने हौसेने आठ मारले. पण रात्री पुन्हा विचार केला. चिमण्या मारणारी पोरे तेव्हा गल्लोगल्ली असतील. मारल्यानंतर काय घडले ते टिपून ठेवणारा हा एकच. त्या क्रूर खेळातूनही एक प्रश्न शिल्लक राहिला होता : हे नवे नर येतात कुठून?

पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. अशाच एका शिकारीत एक निराळी चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव तेव्हा डब्ल्यू. एस. मिलार्ड हे होते. मुलगा बिचकतच आत गेला. मिलार्डसाहेबांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे सांगितले, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तके वाचायला दिली. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलासाठी थोडा वेळ काढला. त्यातून पुढे केवढे काम उभे राहिले, याचा विचार आपल्या गुरुजनांनीही करावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

यापुढचा भाग आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन वाचावा. १९१३ साली मॅट्रिक झालेले सालिम अली सेंट झेवियर कॉलेजात गेले, पण गणिताने त्यांना छळले. पहिल्या वर्षातच कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. धंद्यापेक्षा रानात त्यांचे मन अधिक रमले. १९१७ साली परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण घेतले आणि त्याच वेळी फादर ब्लाटर यांच्या प्रोत्साहनाने झेवियरमध्ये प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधीच मिळवली नाही. त्यापायी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा हुकली. पुढे अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली, ती याच माणसाला.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयातील प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांना त्यांनी गुरू मानले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! हातात काम नाही, पदवी नाही. पतिपत्नी अलिबागजवळ किहीमला राहायला गेली.

एखादा खचला असता. सालिम अलींनी पाहिले की घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत आहे. त्यांनी त्या पावसाळ्यात ती वसाहत रोजच्या रोज न्याहाळली. पाखरू मारून हाती घेण्याऐवजी ते जिवंत असताना काय करते ते पाहायचे, हा पालट इथे स्पष्ट दिसतो.

सुगरण आपल्या शेवगावकरांना काही नवी नाही. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला तिचे खोपे लोंबताना आपण लहानपणापासून पाहतो. बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता आपण सर्वांनी शाळेत म्हटली आहे. नाव सुगरण, म्हणून विणणारी मादीच असणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विणतो तो नर. गवताची पाती चिरून तो खोपा अर्धा विणतो, आत चिखलाचे गोळे लावतो आणि फांदीला लोंबून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, खोपा तपासते. पसंत पडला तर ती तिथे संसार मांडते, आणि नर नळीसारखे दार विणून खोपा पुरा करतो. नापसंत खोपा तसाच लोंबत राहतो. सालिम अलींनी दाखवून दिले ते याच्यापुढचे. पहिली मादी अंड्यांवर बसली की नर नवा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. एका हंगामात असे एकामागून एक संसार होतात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि बेकारीच्या काळातल्या या कामाने त्यांचे नाव जगभर पोचले.

त्यानंतर संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या सुरू झाल्या. पगार नको, केवळ प्रवास-मुक्कामाचा खर्च द्यावा, एवढीच त्यांची मागणी असे. पहिली पाहणी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची झाली. गोदावरीपलीकडचे आपले पैठण तेव्हा त्याच संस्थानात होते. तेहमिना तंबूतल्या या संसारात आनंदाने सहभागी होत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. ते बहीण-मेव्हण्याकडे राहू लागले. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध सचित्र पुस्तक आले. सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली त्याने दिली. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. तेव्हा त्यांचे वय ७७ होते. भरतपूरचे पाणपक्षी आणि केरळातील सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना मिळाले. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी ती लहानपणी पाडलेली चिमणीच ठेवली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, आपल्या तालुक्याला लागून असलेल्या नाथसागराला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला होता.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. शास्त्रासाठी पक्षी मारून नमुने गोळा करणे त्यांनी पुढेही केले आणि ते आवश्यक असल्याचे मानले. मला ते पूर्णपणे पटत नाही. पण त्या नमुन्यांवाचून कोणता पक्षी कोणता, हेच ठरले नसते, हेही खरे. थोरांचे चरित्र वाचताना सगळेच पटले पाहिजे असे थोडेच आहे?

आता आमच्या खोक्याकडे. चिमणीने एकटीने भरवणे चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी तासाला तेरा खेपा झाल्या. तिसऱ्या दिवशी एक परका चिमणा खिळ्यावर येऊन बसला आणि भोकात डोके घालू लागला. चिमणीने त्याला चोचीने झोडपून हाकलले. नवव्या दिवशी सर्वांत लहान पिल्लू मेले. उरलेली दोन सोळाव्या दिवशी उडाली. पहिले सरळ पेरूच्या झाडावर गेले; दुसरे अंगणात पडले, आणि मांजर येऊ नये म्हणून मी तासभर काठी घेऊन उभी राहिले. मग तेही उडाले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच खोक्यात पुन्हा गवत जाऊ लागले. चिमणी आत गेली. बाहेर खिळ्यावर एक चिमणा बसला होता. गळ्याचा काळा डाग लहान, म्हणजे निराळाच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तबेल्यातल्या त्या मुलाने पाहिले होते तेच मी बंदुकीवाचून पाहत होते. तारीख आणि वेळ वहीत लिहिली. पडवीतल्या पंख्याला आता जाळी बसवली आहे, तरी पिल्ले असेपर्यंत तो मी लावत नाही. उकडते, पण चालते.