खऱ्याखोट्याचे गणित मांडणारे जॉर्ज बूल

कलाभवनात संगणकशास्त्र शिकणारी मुले घरी येऊन 'बूलियन' हा शब्द सहज वापरतात. त्या शब्दामागे एक माणूस आहे, आणि त्याची जीवनकथा ऐकण्याजोगी आहे.

जॉर्ज बूल यांचा जन्म इंग्लंडातील लिंकन गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी झाला. वडील जोडे शिवीत. परंतु त्यांचे मन दुर्बिणी घडविण्यात रमे, आणि अखेर धंदा बसला. सोळाव्या वर्षी जॉर्जना मास्तरकी पत्करून घर चालवावे लागले. विद्यार्थी म्हणून विश्वविद्यालयाची पायरी ते कधीच चढले नाहीत. लॅटिन एका पुस्तकविक्रेत्याने शिकविले. ग्रीक, फ्रेंच, जर्मन आणि उच्च गणित त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले. अशा माणसाला १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचे पदक मिळाले आणि १८४९ मध्ये, पदवी नसताना, आयर्लंडातील कॉर्क येथे गणिताचे प्राध्यापकपद लाभले.

१८५५ मध्ये त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. हिंदुस्थानच्या भूमापनाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे चुलते. पतीच्या विचारांवर भारतीय तत्त्वचिंतनाची छाया होती, असे मेरीबाईंनी १९०१ मध्ये जगदीशचंद्र बसूंना लिहिलेल्या पत्रात मांडले आहे.

बूल यांचे मुख्य कार्य १८४७ आणि १८५४ च्या दोन ग्रंथांत आहे. पांढऱ्या गाईंतून पुन्हा पांढऱ्या गाई निवडल्या, तर हाती त्याच गाई उरतात. म्हणजे निवडीला त्याच निवडीने गुणले तरी उत्तर तेच. नेहमीच्या अंकांत हा नियम पाळणारे दोनच अंक : शून्य आणि एक. एक म्हणजे खरे, शून्य म्हणजे खोटे, असे धरून त्यांनी तर्कशास्त्र बीजगणितात बसविले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी हेच गणित विजेच्या कळांना लावले, आणि संगणकाचा पाया पडला.

गंमत अशी, की हे खरेखोटे निरनिराळ्या संगणकभाषांत निरनिराळे वागते. 'सी' भाषेत शून्य खोटे आणि बाकीचा प्रत्येक अंक खरा. 'रूबी'त शून्यदेखील खरे! 'जावा'त खरेखोटे आणि अंक यांचा रोटीबेटी व्यवहारच नाही. 'पायथन'मध्ये मात्र खऱ्यात खरे मिळविले की दोन होतात. बूल यांच्या बीजगणितात अशा बेरजेला अर्थ नव्हता.

नोंदवह्यांसाठीच्या 'एसक्यूएल'मध्ये तर तिसरी अवस्था आहे : माहीत नाही. हा शाब्दिक काथ्याकूट नव्हे. पेन्शनरांच्या यादीत एखाद्याचा हयातीचा रकाना कोरा राहिला, तर हयात असलेल्यांची यादी काढा की नसलेल्यांची, त्याचे नाव दोहोंतही येत नाही. आणि कोरा रकाना म्हणजे 'नाही' असे आज्ञा लिहिणाऱ्याने धरले, तर चालताबोलता माणूस कागदावर मृत ठरतो. भाषा कोणतीही असो, हा निर्णय शेवटी माणसाचाच.

नोव्हेंबर १८६४ मध्ये बूल भर पावसात सुमारे तीन मैल चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनीच त्यांनी व्याख्यान दिले. त्यातून आजार बळावला, आणि ८ डिसेंबर रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी ते निवर्तले. पाच मुलींपैकी धाकटी, पुढे कादंबरीकार झालेली एथेल, तेव्हा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी मेरीबाईंच्या चुलत्यांचे नाव हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला देण्यात आले. बूल यांच्या वाट्याला शिखर आले नाही. त्यांचे नाव संगणकाच्या आज्ञांत उरले.

एक गोष्ट मात्र विसरू नये. १८५४ च्या ग्रंथाचा उत्तरार्ध त्यांनी संभाव्यतेच्या विचाराला दिला आहे. शून्य आणि एक यांचे गणित मांडणाऱ्या या माणसाला त्या दोहोंच्या मधला प्रदेश चांगलाच ठाऊक होता.